जव्हारच्या वाचनालयातली सात पानं

१

खुनी कोण हे कळायला एकच पान उरलं होतं, आणि ते पान पुस्तकात नव्हतं.

फौजदार आबाजीराव दिघ्यांनी दिव्याची वात वर केली नाही, कारण दिवा लागलेलाच नव्हता. भर दुपार होती. मोखाड्याच्या चौकीच्या ओसरीवर ऊन पडलं होतं. त्यांनी अंगठा ओला करून पान पुन्हा उलटलं. एकशे चौऱ्याहत्तरनंतर एकदम एकशे सत्त्याहत्तर. 'बंद खोलीतली घंटा' ही गोष्ट गुप्तहेराने मंडळींना दिवाणखान्यात बसवलं, तिथे येऊन थांबली होती. पुढे लोणच्याच्या आंब्यांवर एक लेख सुरू होत होता.

आबाजीरावांनी डोळे मिटले. अंगात हिवतापाची कसर होती, तोंडात कोयनेलचा कडूपणा होता. आधीचं वर्षभर त्यांची नेमणूक इथे मोखाड्याला होती, आणि जव्हारचं वाचनालय गावाबाहेर अंक देत नसे. बदली होऊन जव्हारला परतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर पुण्याच्या त्या मासिकाचा वर्षाचा बांधलेला खंड मागून घेतला. बारा अंक, बारा रहस्यकथा. आज चौकशीच्या कामाने मोखाड्याला यावं लागलं, तेव्हा खंड बरोबर आणला होता.

संस्थानच्या नोकरीत सत्तावीस वर्षं काढूनही त्यांना रहस्य असं एकदाही भेटलं नव्हतं. माणसं गुन्हा करत आणि तिथेच बसून राहत. दाभोशाचा माघ्या तर भावाला कोयता मारून तोच कोयता घेऊन चौकीत आला होता आणि म्हणाला होता, "लिवून घ्या साहेब, मना घरा जायचं नाही आता." अशा माणसांची कागदपत्रं करून करून आबाजीराव थकले होते. म्हणून त्यांना त्या गोष्टी आवडत. तिथे कुणीतरी काहीतरी नीट लपवलेलं असे, आणि कुणीतरी ते डोकं चालवून शोधत असे. शेवटचं पान संपलं की पाच मिनिटं तरी जगाची घडी बसल्यासारखी वाटे.

त्यांनी खंड चाळला. सात गोष्टींचं शेवटचं पान नव्हतं. पाच गोष्टी पूर्ण होत्या.

२

जव्हारला परतल्यावर त्यांनी तक्रार करण्याआधीच तक्रार होऊन गेली होती.

हेडमास्तर चिंतोपंत कोपरकर वाचनालयाचे चिटणीस होते. उंच, ताठ, आवाजात छडी असलेला माणूस. पानं नाहीत अशी आबाजीरावांनी मोखाड्याहून धाडलेली चिठ्ठी मिळताच त्यांनी दरबारात अर्ज ठोकला होता: बुकबाइंडर तय्यब याने बांधणीसाठी दिलेल्या खंडातली पानं चोरली, त्याला अटक व्हावी आणि सरकारी दप्तराच्या बांधणीचं काम त्याच्याकडून काढून घ्यावं. दरबारातून हुकूम आला होता. शुक्रवारपर्यंत चौकशी पुरी करून आरोपीला कोठडीत घालावं.

आबाजीराव मास्तरांच्या घरी गेले. माजघराच्या दाराशी मास्तरांची विधवा बहीण अंबूताई कापसाच्या वाती वळत बसली होती. तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. हात मात्र थांबले नाहीत.

"प्रकरण सरळ आहे, फौजदारसाहेब," चिंतोपंत म्हणाले. "पुठ्ठा करायला हे लोक रद्दी कागद एकमेकांवर चिकटवतात. आपलीच पानं त्यात गेली."

"खंड बांधून कधी आला?"

"ज्येष्ठाच्या शेवटी. मी ताब्यात घेतला. लगेच पाऊस लागला. वाचनालयाचं छप्पर गळतं, म्हणून दरवर्षीप्रमाणे कपाटातली पुस्तकं मी इथे आणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवली. तीन महिन्यांवर धुरावर होती, म्हणून बुरशी नाही. दसऱ्याला परत नेली. पहिला वाचक तुम्हीच."

"तुम्ही वाचला नाहीत मधे?"

"वाचणार होतो. सबंध खंड या पावसाळ्यात वाचून काढायचा, असं घरात बोललोही होतो. पण शाळेच्या तपासणीत राहून गेलं. सुटे अंक येत तेव्हा शास्त्रीय लेख तेवढे पाहिले होते. गोष्टींत वेळ घालवणं मला जमत नाही."

हे शेवटचं वाक्य आबाजीरावांना उद्देशून होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

३

तय्यब म्हातारा होता. त्याच्या दुकानात सरसाचा आणि ओल्या कागदाचा वास होता. फौजदार आत आले तसा तो उठला आणि उभाच राहिला.

"साहेब, घेऊन चला. चाळीस वर्षं दरबारची दप्तरं बांधली. माझ्या बापानं बांधली. आता गावातून दोरी लावून नेतील तेही पाहू."

"तय्यबभाई, बसा. मला गुन्हा नको, पुस्तक समजावून सांगा." आबाजीरावांनी खंड पुढे ठेवला.

तय्यबने चष्मा चढवला. खंड हातात येताच तो वेगळा माणूस झाला. त्याने फाटलेल्या जागी पुस्तक उघडून बोट फिरवलं.

"हे कापलेलं नाही. सुरीनं कापलं तर कड धारेसारखी येते. ही बघा कशी केसाळ आहे. कागद ओला करून ओढलाय. आणि कुठे ओढलाय? माझ्या शिवणीच्या बाहेर. शिवायच्या आधी पान गेलं असतं तर त्याचं जोडपान, त्याच घडीचं दुसरं अर्धं, सुटं पडलं असतं. बांधणी झाल्यावरचं काम आहे हे."

"ओला करून म्हणजे? सगळं पुस्तक भिजलं असतं की."

"नाही. ओला दोरा पानाच्या मुळाशी ठेवायचा, पुस्तक मिटायचं, थोडा वेळ थांबायचं. तेवढीच रेघ नरम होते. मग पान अलगद येतं." त्याने चिमट्याने कडेतून काहीतरी उचललं आणि खिडकीशी धरलं. पांढरे, मऊ तंतू होते. "पण हा दोरा माझा नाही. माझा सुताचा, पीळ दिलेला, मेण लावलेला. हा तर न कातलेला कापूस आहे."

"हे मास्तरांना सांगितलंत?"

"कुणी विचारलं?"

४

वाचनालयात शिपाई लहान्या बाकं पुसत होता. साखरशेतचा, चाळिशीचा, अबोल माणूस.

"लहान्या, हा खंड मास्तरांकडे कुणी नेला?"

"मीच नेला, साहेब. मीच आनला."

"मधे कुणाला दिलास?"

"मी कोनला देनार? मना वाचता येत नाही. मना त सगली पानं सारखीच." तो फडकं पिळायला लागला. फडकं कोरडं होतं.

आबाजीरावांनी ते पाहिलं. घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार माणूस यांच्यातला फरक त्यांना सत्तावीस वर्षांत कळला होता. लहान्या घाबरला होता.

तेवढ्यात दवाखान्याचे कंपाउंडर दामूअण्णा आले. गावात रहस्यकथांचा दुसरा वेडा तोच.

"काय फौजदारसाहेब, घंटा कुणी वाजवली कळलं का? सांगू? तो जो—"

"सांगू नका!" आबाजीराव इतक्या जोरात ओरडले की लहान्याच्या हातातलं फडकं पडलं.

"अहो, मी सुटे अंक वाचलेत. सातही शेवट सांगतो. चौकशीला उपयोग होईल."

"दामूअण्णा, तो शेवट मला तुमच्या तोंडून नको. नऊ पानं मी त्या गुप्तहेराबरोबर चाललोय. दहावं मला माझ्या पायांनी चालायचंय. तुम्ही सांगाल तर मला फक्त एक नाव कळेल, बाकी काही नाही."

दामूअण्णा हसले. "खरं आहे. म्हणूनच त्या गोष्टीचा अंक मी नाशकाहून विकत आणून ठेवलाय. परत परत वाचतो. शेवट माहीत असला तरी तो कसा लपवला होता ते बघायला मजा येते."

आबाजीराव जागीच थांबले. "तो अंक घरी आहे?"

"आहे की."

"मला हवाय. शेवटचं पान मी वाचणार नाही. फक्त बघणार आहे."

५

त्या दुपारी ते चौकीत एकटे बसले. ताप चढत होता. घोंगडी पांघरून त्यांनी खंड उघडला आणि एकेक माणूस मनातून काढत गेले.

तय्यबला पुठ्ठ्यासाठी कागद हवा असता, तर त्याने कुठलीही पानं घेतली असती. नेमकी सात गोष्टींची शेवटची पानं कशाला? लहान्याला वाचता येत नाही, त्याला ही पानं निवडता आली नसती. दामूअण्णांना शेवट बिघडवून फौजदाराची गंमत करायची असती, तर पाच गोष्टी का सोडल्या? शिवाय खंड त्यांच्या हाती गेलाच नव्हता. पानं गेली ती खंड माळ्यावर असताना. म्हणजे मास्तरांच्या घरात. पण मास्तरांनी स्वतः काढली असती तर ते गप्प बसले असते. चोर आपणहून दरबारात अर्ज करत नाही.

पाच गोष्टी का सोडल्या? पुन्हा पुन्हा ते तिथेच येत होते.

त्यांनी इतक्या गोष्टी वाचल्या होत्या. प्रत्येकीत लेखक वाचकाची नजर एका हाताकडे वळवतो आणि काम दुसऱ्या हाताने करतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि तरीही आठवडाभर तेही सगळ्यांसारखे एकाच बाजूला बघत बसले होते. शेवटाला चटावलेला वाचक, म्हणून शेवटाचीच चोरी झाली असं धरून चालले होते.

पानाला दोन बाजू असतात.

त्यांनी खंडाची अनुक्रमणिका काढली. ती शाबूत होती. रहस्यकथा संपली की पाठीमागे संपादक स्त्रियांसाठी एक पान देत. पाच महिने तिथे पाककृती आणि शिवणकाम होतं. सात महिने तिथे एकच मथळा होता: 'घरातले बोलणे. लेखिका, एक भगिनी.' हरवलेली पानं तीच होती.

आबाजीरावांनी दामूअण्णांचा अंक घेतला, शेवटचं पान गोष्टीकडून तळहाताने झाकून उलटवलं आणि वाचायला लागले.

"वडील बंधू म्हणतात, बाईच्या हाती कापूस शोभतो, कागद नव्हे. मी म्हणते, कापसाची वात होते आणि वातीचा उजेड होतो, पण तो उजेड कुणाच्या पुस्तकावर पडायचा हे कापूस वळणारीला कुणी विचारत नाही. माझे यजमान गेले तेव्हा मला अठरावे होते. त्यांनीच मला वाचायला शिकविले होते. बंधू म्हणाले, आता त्या विद्येचा उपयोग काय? जणू यजमानांबरोबर मला आलेली अक्षरेही जाळायची राहून गेली होती."

आबाजीरावांनी ते दोनदा वाचलं. दामूअण्णांनी हा अंक किती वेळा वाचला होता! गावात सगळ्यांनी वाचला होता. पान उलटून बघितलं नव्हतं कुणीच.

उत्तर मिळालं होतं. गोष्टीत असं झालं की गुप्तहेर खूष होऊन खुर्चीत मागे टेकतो. आबाजीरावांना फक्त दमल्यासारखं झालं.

६

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत असताना ते त्यांच्या घरी गेले आणि ओसरीच्या पायरीवरच उभे राहिले.

"ताई, आत येत नाही. इथूनच बोलतो. कापसाची लांब वात ओली करून पानाच्या मुळाशी ठेवली होतीत ना?"

आतून अंबूताईचा आवाज आला. शांत, नीट.

"कात्रीनं कापलं तर कापलेलं दिसतं. ओलीनं निघालं तर लोक म्हणतील, पाऊस. म्हणून."

"दादांच्या भीतीनं?"

"ते सबंध खंड वाचणार म्हणाले होते. त्यातली वाक्यं त्यांचीच आहेत, भाऊसाहेब. पहिल्या ओळीला ओळखली असती. मला दिराकडे पाठवलं असतं, तिथे घरात पंचांगसुद्धा नाही. आणि लहान्याची नोकरी गेली असती. माझे कागद टपालात तो टाकायचा. अंक आला की झाडूच्या पाटीतून एका दिवसासाठी आणून द्यायचा. त्याला कधी विचारलं नाही मी, की का करतोस."

"पानं जाळलीत?"

"नाही." ती म्हणाली, "तेवढं नाही झालं माझ्याच्यानं. कापसाखाली आहेत."

"तय्यबवर आळ आला हे तुम्हाला कळलं होतं."

"ज्या दिवशी दादांनी अर्ज लिहिला, त्या दिवशी. मी इथेच बसले होते. आठ दिवस झाले." आवाज पहिल्यांदा हलला. "आठ दिवस मी रोज म्हणते, आज सांगेन."

आबाजीरावांनी पगडी काढून कपाळाचा घाम पुसला. "मी अहवाल लिहिलाय. धुरावर सुकलेला कागद, त्यात ओल, शिवणीपासून पानं गळाली, उंदरांनी नेली. तय्यबभाईंचा दोष नाही. तुमचं नाव त्यात नाही."

"दादा मानतील?"

"नाही मानणार. नेमकी सातच पानं कशी, असं विचारतील. पण कोठडी माझ्या हातात आहे. मी घालणार नाही."

"मग तय्यबभाईंना काम?"

आबाजीरावांनी पगडी परत डोक्यावर ठेवली. कामाचा हुकूम दरबारचा होता, आणि दरबार उंदरांपेक्षा हेडमास्तरांवर अधिक विश्वास ठेवणार होता, हे दोघांनाही कळत होतं.

७

शुक्रवारी दुपारी वाचनालयात दहाबारा माणसं जमली. तय्यब दारापाशी उभा होता; बसायला सांगितलं तरी बसला नाही. आबाजीरावांनी अहवाल वाचला. केसाळ कड दाखवली, शिवण दाखवली, कापसाच्या तंतूंबद्दल काहीच बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर मंडळी गोष्टीतल्यासारखी अर्धवर्तुळात बसली होती, आणि ते उंदरांबद्दल बोलत होते.

चिंतोपंत उठले. "ओलीनं बारा गोष्टींतल्या सातच निवडल्या? उंदीर रहस्यकथा वाचतात वाटतं, फौजदारसाहेबांसारखे?"

काही जण हसले. तय्यबने मान खाली घातली.

"मी निवडल्या," दारातून आवाज आला.

वाचनालयात आजवर बाई आली नव्हती. अंबूताई उंबऱ्याच्या आत आली. विधवेच्या तांबड्या लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट होता, हातात कापसाची टोपली होती. तिने कापूस बाजूला केला, सात पानं काढली आणि टेबलावर ठेवली.

"पानं मी काढली. तय्यबभाईंनी नाही, आणखी कुणीही नाही. मागच्या बाजूला जे छापलंय ते मी लिहिलेलं आहे."

लहान्या खिडकीशी उभा होता. त्याने हातातलं फडकं खिडकीत ठेवलं. 'आणखी कुणीही नाही' हे कुणासाठी होतं, ते तिथे दोघातिघांनाच कळलं.

"तू लिहिलंस?" चिंतोपंत म्हणाले. "तू?"

त्यांनी वरचं पान उचललं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते, शाळेतल्या पोरासारखे. एका ओळीवर थांबले. मागे गेले, पुन्हा ती ओळ वाचली.

"मी असं म्हणालो होतो? विद्येबद्दल?"

"तीनदा, दादा."

"मला आठवत नाही."

"नसेल आठवत," अंबूताई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच बहुधा मास्तरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी टेबलावरची अर्जाची नक्कल ओढली, मधोमध फाडली आणि खिशात कोंबली. मग तय्यबकडे वळले. चाळीस मुलांना रोज शब्द देणारा माणूस तसाच बाहेर गेला. घरी त्यांनी पुढे कितीतरी दिवस बहिणीशी बोलणं टाकलं, पण दिराकडे पाठवायची भाषा काढली नाही. दरबारातला अर्ज मात्र त्याच संध्याकाळी जाऊन मागे घेतला.

मंडळी पांगली. तय्यब टेबलापाशी आला. अंबूताईने हात जोडले.

"तय्यबभाई, आठ दिवस मी तुमच्या मानेवर सुरी ठेवून बसले होते."

माफ केलं असं म्हातारा म्हणाला नाही. "बाई, आठ दिवस माझी म्हातारी जेवली नाही," एवढंच म्हणाला. मग त्याने पानं ओळीने लावली, कडा बोटाने चाचपल्या आणि खंड ओढून घेतला.

"लावून देतो. पण कड केसाळ झालीय, नुसती सरसानं धरणार नाही. मुळाशी कागदाची पट्टी द्यावी लागेल. पट्टी एकाच बाजूला देता येते, आणि त्या बाजूची कडेची अक्षरं झाकली जातील." त्याने चष्म्यावरून आधी अंबूताईकडे, मग फौजदारांकडे पाहिलं. "कुठली बाजू झाकू?"

अंबूताई काही बोलणार होती. हा माणूस त्या सात शेवटांची किती वाट बघतोय, हे सगळ्या गावासारखं तिलाही माहीत होतं.

"गोष्टीची," आबाजीराव म्हणाले.